'अन्य' म्हणून नोंदलेली झाडं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, कॉलेजात नाही, पंचनाम्याला आलेल्या हवालदारांना तर नाहीच. आमच्या कॉलेजमागे शेत असलेल्या मावशींच्या बांधावरची चंदनाची तीन झाडं चोरीला गेली, त्या चोरांना झाडांपर्यंतची वाट मी दाखवली होती. त्यांची-माझी ओळख नव्हती, आजही नाही. पण लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांना आपण जसं फोनवरून लोकेशन पाठवतो, तितक्या अगत्याने मी ते पाठवलं होतं. सोबत झाडांचे फोटोही जोडले होते.

मी वनशास्त्राच्या कॉलेजात नकाशे शिकवतो. जीपीएस, उपग्रहाची चित्रं, कॉम्प्युटरवर नकाशा बनवणं हे माझे विषय. मी फार बोलत नाही, त्यामुळे लोक मला विचारी समजतात. गप्प बसणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे हा गैरसमज पक्का आहे आणि त्यावर मी बरीच वर्षं काढली आहेत.

आमचं कॉलेज श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात आहे. जंगल शिकवायचं आणि चारी बाजूंना ऊस. एकदा एका पाहुण्याने विचारलं की, हे कॉलेज इथेच का काढलं? प्राचार्य म्हणाले, "जागा इथं होती." शिक्षणक्षेत्रात इतकं प्रामाणिक उत्तर मी दुसरं ऐकलेलं नाही.

खरं जंगल पश्चिमेला, अकोले तालुक्याच्या डोंगरात. शेवटच्या वर्षाची मुलं उन्हाळ्याच्या तोंडाला तिकडे जंगलाच्या मोजणीला जातात. सगळं जंगल मोजणं शक्य नसतं. म्हणून नकाशावर चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठिपके पडतात. जीपीएस हातात घेऊन त्या ठिपक्यापर्यंत पोचायचं, तिथे ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा आणि आतल्या प्रत्येक झाडाचं नाव, घेर, उंची मोबाईलमध्ये भरायची. ठिपका कड्यावर पडला तर कड्यावर जायचं, तो चहाच्या टपरीजवळ सरकवायचा नाही, एवढं मुलांच्या मनात भरवण्यात माझा हिवाळा जातो.

सराव आम्ही आसपासच्या शेतांत करायचो. बांधावर चार झाडं असली तरी त्यांना जंगल समजायचं. पहिल्याच दिवशी घेर मोजताना घोळ झाला. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात, असं मी सांगितलं होतं. उंच पोराने आपल्या छातीच्या उंचीवर टेप लावला, बुटक्याने आपल्या. एकच चिंच दोन गटांत दोन जाडीची निघाली. "छाती कुणाची धरायची हे सरांनी सांगितलंच नाही," असं दोघांचं म्हणणं. मग मी प्रत्येकाच्या काठीवर खडूने एकच खूण करून दिली.

जीपीएस घेतलेली पोरं दिसली की शेतकरी हातातलं काम टाकून यायचे.

"रस्ता कुठून चाललाय?" एकाने विचारलं.

"रस्ता नाही काका, झाडं मोजतोय."

"झाडं मोजल्याबिगर रस्ता जातो व्हय?"

"अहो, आम्ही कॉलेजची मुलं."

"पलीकडच्या गावातबी आदी कालेजचीच पोरं आल्ती. मागनं जेसीबी आला."

मग चहा यायचा. चहा पाजताना ते काका मुलांना हळूच विचारायचे की, रस्ता शेजाऱ्याच्या बाजूने थोडा सरकवता येईल का?

मावशींचं शेत कॉलेजच्या मागच्या कुंपणाला लागून. मालक वारलेले, मुलगी सासरी, मावशी एकट्या. आमच्या वर्गातली एक मुलगी त्यांच्याकडे खोली घेऊन राहायची. ही पाथर्डीच्या बाजूची. आईवडील दर दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊस तोडायला बाहेर पडायचे. त्या वर्षी टोळी राहात्याच्या बाजूला उतरली होती. त्यामुळे पोरगी रविवारी आईला भेटून यायची आणि येताना कोपीवरच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या खोपटातल्या, चुलीची भाकरी फडक्यात बांधून आणायची. मावशी नावं ठेवायच्या, "तुज्या आईची भाकरी लई जाड." आणि अर्धी स्वतः खायच्या. मावशी तिला तिच्या नावाने कधी हाक मारायच्या नाहीत. "ए पाथर्डीवाले, पानी बघ मोटरचं." "ए पाथर्डीवाले, लाइट गेली, चालतो का तुजा जीपीयस?" आम्ही कुंपणापलीकडून ऐकायचो. एकट्या घरात माणसाचा आवाज आला की घर कसं वाजायला लागतं, ते त्या वर्षी ऐकलं.

त्यांच्या बांधावर चंदनाची चार झाडं होती. चंदन कुणी लावत नाही, निदान त्या वयाचं तरी कुणी लावलेलं नसतं. पाखरं बी टाकतात, कडुनिंबाच्या नाहीतर बोरीच्या आधाराने ते उगवतं. मावशींच्या मालकांनी बांध साफ करताना ती रोपं ठेवली होती. "पाखरानं आनलं, आपल्या दारात उगावलं, आपन कोन काडनार," असं ते म्हणायचे म्हणे. भोवती बोराटीचे काटे रचून त्यांनी ती वाढवली. घरात मात्र त्या झाडाचं नाव घ्यायचं नाही अशी रीत होती. चंदन म्हटलं की ते चोराच्या कानावर जातं, ही आमच्या भागातली साधी समज. मावशी त्यांना 'पाव्हणं' म्हणायच्या. "पाव्हन्यांच्या बाजूचं गवत काडू नको," असं त्या पोरीला सांगायच्या आणि ती पहिले काही महिने, कुठले पाहुणे, म्हणून विचार करत राहायची.

मावशींचा बांध मोजायचं काम साहजिकच तिच्या गटाकडे आलं. मुलांनी भरलेली माहिती मी वर्गात पडद्यावर लावायचो. तिच्या गटाची यादी बघितली: कडुनिंब, बाभूळ, चिंच, बोर, आणि चार ठिकाणी 'अन्य'. जे झाड ओळखू येत नाही त्याच्यासाठी तो रकाना असतो.

"हे अन्य म्हणजे काय?" मी विचारलं.

ती उभी राहिली. "ओळखू आलं नाही, सर."

मी फोटो उघडला. समोरासमोर पानं, काळी पडत चाललेली बारकी फळं. दुरून सांगता येईल इतकं ते चंदन होतं.

"शेवटच्या वर्षाला चंदन ओळखू येत नाही? मग अकोल्यात जाऊन काय करणार? सगळं जंगल अन्य म्हणून लिहून आणणार?"

वर्ग हसला. मी एरवी विनोद करत नाही, त्यामुळे पोरं जरा जास्तच हसली.

"सर, ते तसंच राहू द्या ना."

"नकाशात भीड चालत नाही," मी म्हणालो आणि सगळ्यांसमोर चारही ठिकाणी 'चंदन' लिहिलं. हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढे दोन भाषणांत वापरलं.

तास संपल्यावर ती टेबलाशी आली. म्हणाली, "सर, मावशी ते नाव घेत नाहीत. मी मागंच लागले, तर माझ्या कानात सांगितलं. म्हणाल्या, लिही, पण कुनाला दावू नको. म्हणून गटाला मीच सांगितलं, अन्य लिहा."

म्हणजे ओळखू आलं होतं. चांगलंच आलं होतं. वर्गासमोर मूर्ख ठरणं तिने पत्करलं होतं. माफी मागायला ती वेळ बरी होती. मी म्हणालो, "हा अभ्यासाचा डेटा आहे. कॉलेजबाहेर जात नाही."

"नक्की, सर?"

"सांगितलं ना."

त्या यादीत आणखी एक चूक होती, ती इथेच सांगून ठेवतो. चौथं चंदन ओढ्याच्या वळणावर, बोराटीच्या दाट जाळीत होतं. काट्यात शिरायचा कंटाळा म्हणून गटातल्या एका मुलाने ओढ्यापलीकडच्या करंजाखाली सावलीत बसूनच जीपीएसची नोंद घेतली आणि चंदनाचा फोटो लांबून मोठा करून काढला. म्हणजे नकाशावर चंदन करंजाच्या जागी. मी त्याला बोललो, "परत जाऊन घे." तो म्हणाला, "उद्या घेतो सर." त्यानंतर तो विसरला आणि मीही विसरलो. अचूकतेचा आग्रह धरणाऱ्या माणसाचं विसरणंही अगदी वेळेवर होतं.

पुढे कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती येणार असं ठरलं. प्राचार्यांनी बोलावलं. "सर, काहीतरी दिसलं पाहिजे. पोरं शेतात फिरतात, पण फिरलेलं दिसत नाही."

मी मुलांच्या नोंदींचा एक नकाशा इंटरनेटवर ठेवला. ठिपक्यावर बोट ठेवलं की झाडाची माहिती आणि फोटो उघडायचा. प्राचार्य खूश झाले. त्यांनी नकाशाचा क्यूआर कोड असलेला फ्लेक्स करून गेटवर लावला. वर कॉलेजचं नाव, त्याखाली त्यांचा फोटो, त्याखाली कोड. 'आमची वृक्षसंपदा आपल्या मोबाईलवर' असं त्यावर लिहिलं होतं.

फ्लेक्स लागला त्या दिवशीच ती धावत माझ्याकडे आली. मी तिला शांतपणे सांगितलं, "काळजी करू नको, ते चार मी 'अन्य' करून टाकलेत. फोटोही काढून टाकलेत." आणि खरंच टाकले होते. तिने माझ्यासमोर मोबाईलवर कोड स्कॅन केला, मावशींचा बांध मोठा करून पाहिला. चार करडे ठिपके, 'अन्य'. "थँक्यू सर," म्हणाली. इतकं मनापासून मला त्या कॉलेजात कुणी थँक्यू म्हटलं नव्हतं.

समिती येण्याच्या आदल्या संध्याकाळी मी तो नकाशा पुन्हा बघत बसलो. बघता बघता ते चार करडे ठिपके डोळ्यात खुपायला लागले. कुणी विचारलं, हे अन्य म्हणजे काय हो, तुमच्या मुलांना झाडं ओळखता येत नाहीत? म्हणजे मी जे तिला वर्गात विचारलं होतं तेच मला कुणी चारचौघांत विचारेल, एवढीच भीती. मी 'अन्य' पुसून 'चंदन' लिहिलं. फोटो परत जोडले. ठिपक्यांना सोनेरी रंग दिला, कारण तो उठून दिसतो. बाजूच्या खुणांच्या यादीत लिहिलं, 'दुर्मीळ व मौल्यवान'. उद्या पाहुणे गेले की परत बदलू, असं ठरवून मी घरी जाऊन जेवलो.

समितीतल्या एका सदस्याने नेमकं सोनेरी ठिपक्यावर बोट ठेवलं. "अरे वा, चंदनसुद्धा!" प्राचार्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू ते चंदन मीच लावलं होतं. निरोपाच्या वेळी मला सत्काराचा नारळ मिळाला.

नकाशा मी दुसऱ्या दिवशी बदलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. विसरलो असं म्हणता आलं असतं आणि मनाशी मी बरेच दिवस तसं म्हणतही होतो. पण मी विसरलो नव्हतो. ते सोनेरी ठिपके छान दिसत होते, त्यांचं कौतुक झालं होतं, आणि कौतुक झालेली गोष्ट पुसायला हात होत नाही. शिवाय नकाशा किती लोकांनी उघडला ते मला दिसायचं आणि तो आकडा समिती गेल्यावरही वाढत होता. मला वाटलं, लोकांना विषयाची गोडी लागते आहे. एका रविवारी तर तो बराच वाढला. मी बायकोला म्हटलं, बघ, गावातही लोक बघतात आपलं काम.

एका सकाळी कुंपणापलीकडून मावशींचा आवाज आला. हाक नव्हती, नुसता आवाज.

आम्ही गेलो. बांधावरची तिन्ही चंदनं बुंध्यापासून कापलेली. फांद्या आणि पाला तिथेच टाकलेला, मधले ओंडके गेलेले. मालकांनी रचलेले काटे नीट बाजूला काढून ठेवले होते. मावशी कापलेल्या बुंध्याशी बसल्या होत्या आणि भुसा मुठीत घेऊन सोडत होत्या. वास सगळीकडे होता. आम्ही सगळे तो वास घेत उभे होतो आणि कुणालाच श्वास कसा घ्यावा ते कळत नव्हतं.

हवालदार आले, वनरक्षक आला. पंचनाम्यासाठी मी जागा दाखवत पुढे पुढे चाललो होतो, नकाशाचा माणूस म्हणून. ओढ्यापाशी आलो आणि मला पलीकडचा करंज दिसला. करंजाच्या खोडाला कमरेइतक्या उंचीवर गिरमिटाचं ताजं भोक होतं. चंदनाचे चोर गाभा भरलाय का ते असं भोक पाडून बघतात. करंजाला कोण भोक पाडतं? फक्त तो, ज्याला मोबाईलवर त्या जागी सोनेरी ठिपका दिसतो आणि फोटो चंदनाचा दिसतो. ते चोरही माझ्याच विद्यार्थ्यांसारखे निघाले: झाडाकडे न बघता स्क्रीनकडे बघणारे. आणि तिथून हाकेच्या अंतरावर, बोराटीच्या जाळीत, चौथं चंदन शाबूत उभं होतं. एका आळशी पोराने ते वाचवलं होतं.

त्या भोकाचा अर्थ तिथे फक्त मला कळत होता. हवालदारांनी विचारलं, "सर, काही दिसतंय का तिकडं?" मी म्हणालो, "नाही. करंज आहे." ते खरं होतं.

परत आलो तर हवालदार मावशींना विचारत होते, "ही झाडं हायेत हे कुनाकुनाला म्हाईत हुतं?"

मावशींनी पोरीकडे पाहिलं. ती त्यांच्या खांद्यामागे उभी होती, हात त्यांच्या पाठीवर. मावशी म्हणाल्या, "माज्या तोंडून त्यांचं नाव फकस्त हिच्या कानात गेलंय. मालकांच्या मागारी मी त्ये नाव सोताशीबी घेतलं न्हाई."

"मावशी, मी नाही ओ," ती म्हणाली.

"मग पाखरानं सांगितलं का?"

पोरीने पाठीवरचा हात काढला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून चपलेत गेलेला काटा काढत होतो. काटा नव्हता.

"चौकशी होईल," मी म्हणालो.

कॉलेजात येऊन मी पहिल्यांदा नकाशा उघडला आणि चारही ठिपके 'अन्य' केले, करडे केले, फोटो काढून टाकले. मग शिपायाला सांगितलं, गेटवरचा फ्लेक्स उतरव, वाऱ्याने फाटायला आलाय. फ्लेक्स चांगला धडधाकट होता. शिपायाने तो घरी नेऊन शेळ्यांच्या गोठ्यावर टाकला. प्राचार्यांचा फोटो पुष्कळ दिवस तिथे पालथा होता.

दुपारी ती आली. सकाळचेच कपडे, डोळे सुजलेले.

"सर, एकच विचारते. नकाशात ते अन्यच होतं ना?"

मी तिच्यापुढे स्क्रीन फिरवला. चार करडे ठिपके.

"हो," मी म्हणालो.

"मग बाहेर कुठनं गेलं असंल, सर?"

"सांगता येत नाही."

तिला माझ्यावर संशय नव्हता. आला असता तर मी कदाचित खरं बोललो असतो, असं मी स्वतःला सांगतो. मला ते कितपत पटतं, ते मात्र विचारू नका.

मावशींनी तिला जा म्हटलं नाही. त्यांनी तिच्याशी बोलणं बंद केलं. हाक नाही, मोटर नाही, भाकरीला नावं ठेवणं नाही. एका घरात दोघी, आणि घर परत पहिल्यासारखं गप्प. महिन्याच्या शेवटी पोरीने आपली पेटी उचलली आणि श्रीरामपूरला मैत्रिणीकडे राहायला गेली. रोज बसने यायची. पेटी उचलायला मुलं गेली होती, ती सांगत होती की मावशी दारात बसल्या होत्या आणि उठून त्यांनी वाट करून दिली, एवढंच.

फेब्रुवारी संपता संपता आम्ही अकोल्याला निघालो. राजूरपर्यंत बस, पुढे जीप. ती माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर जीपीएसची पिशवी. बाकीची पोरं मागे गाणी म्हणत होती. वळणावळणाचा रस्ता लागला आणि ती म्हणाली, "सर, माझ्या लक्षात आलंय ते कुठनं गेलं."

मी मागच्या पोरांकडे वळून पाहिलं.

"आईला फोनवर बोलता बोलता सांगितलं होतं मी. कौतुकानं. आमच्या मावशीकडं असं असं झाड हाये म्हणून. आई फोन स्पीकरवर ठेवती सर, हात कामात असत्यात ना तिचे. कोपीवर अख्खी टोळी असती. कुणीतरी ऐकलं असणार."

"असं काही नसतं," मी म्हणालो.

"मग दुसरं काय असंल? नकाशात तर अन्यच होतं. वर्गातल्या पोरांना शपथा घालून विचारलं, कुणी बाहेर बोललं नाही." तिने पिशवीची चेन उघडली, परत लावली. "आईला विचारलं मी. तवा कोण कोण बसलं होतं म्हणून. आई म्हणाली, तू आमाला चोर म्हन्तीस व्हय गं? शिकून हेच शिकलीस का? आता फोन केला की वडीलच उचलत्यात. आई कामात हाये म्हणत्यात."

भंडारदऱ्याचं पाणी झाडांमधून चमकायला लागलं होतं. मागची पोरं एकदम ओरडली, फोटो काढायला लागली. मी तिला तिथेच सांगू शकत होतो. जीपचा आवाज होता, कुणाला ऐकू गेलं नसतं. मी म्हणालो, "उतरल्यावर बॅटऱ्या तपासून घे. मागच्या वेळी डोंगरात दोन बंद पडल्या होत्या."

"हो सर," ती म्हणाली.

अकोल्यात तिने सगळ्यांत चांगलं काम केलं. एक ठिपका पार उतारावर, कारवीच्या दाटीत पडला होता. बाकीचे म्हणाले, सर, थोडा खाली घेऊ. ती बोललीच नाही, वर चढून गेली आणि तिथून ओरडली, "टेप घेऊन या रे!" मुलं कुरकुरत गेली. वाडीवरच्या एका आजोबांनी त्यांच्या देवाच्या झाडाला टेप लावू नका म्हटलं तेव्हा तिने टेप गुंडाळला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "सर, हे काय लिहू?" मी म्हणालो, "अन्य लिही." तिने लिहिलं. त्या मोजणीच्या अहवालात हा एक 'अन्य' मी बदलला नाही. याला पश्चात्ताप म्हणत असतील तर माझा पश्चात्ताप एवढ्या आकाराचा होता.

आता तिला नोकरी लागली आहे, दुसऱ्या जिल्ह्यात, झाडं आणि पाणलोट मोजायच्या कामावर. दिवाळीला मेसेज येतो: सर, तुमच्यामुळे. मी दोन हात जोडल्याचं चित्र पाठवतो. मेसेजच्या शेवटी एकदा तिने लिहिलं होतं की, आई अजून नीट बोलत नाही, पण पोरगी कामाला लागलेली बघून निवळेल. मी त्यालाही हात जोडल्याचंच चित्र पाठवलं. दर वर्षी नव्या मुलांना 'अचूकता' या विषयावर पहिलं व्याख्यान मीच देतो. प्राचार्य प्रस्तावनेत म्हणतात, सर कमी बोलतात, पण मोजून बोलतात.

मावशी आता कॉलेजच्या मुलांना शेतात घेत नाहीत. "ते मोबाईलवाले नगं," म्हणतात. कुंपणापलीकडून आवाज येत नाही. चौथं चंदन बोराटीत अजून उभं आहे. मी कधीमधी ओढ्याच्या बाजूने फिरायला जातो तेव्हा लांबून बघतो. जाताना मोबाईल घरी ठेवतो. करंजाचं भोक भरत आलं आहे, साल कडेने आत आली आहे.

चोर सापडले नाहीत. ते सापडले तर माझं काम सोपं होईल, असं मी बरीच वर्षं धरून चाललो. पण ते सापडले तरी त्यांनी कुणाचा नकाशा बघितला हे त्यांना कोण विचारणार आहे, आणि विचारलं तरी ते मावशींना येऊन कोण सांगणार आहे.

ते मलाच सांगायचं आहे. मावशींना जाऊन सांगायचं आहे की, ते नाव पोरीच्या तोंडून गेलं नाही, मी ते गेटवर टांगलं होतं. पोरीला सांगायचं आहे की, त्या दिवशी नकाशात 'अन्य' नव्हतं, आणि मी हो म्हणालो ते खोटं होतं. आणि जिला मी कधी पाहिलेलं नाही त्या तिच्या आईला, दिवाळीनंतर टोळी जिथे उतरेल तिथे, कोपीपुढे उभं राहून सांगायचं आहे की, तुमच्या फोनवरून काही गेलं नाही. एवढं मी देणं लागतो. अजून यांतल्या एकीलाही मी ते सांगितलेलं नाही.